ब्रेटन वुड्स ते वनाज : विकासकर्जांची पार्श्वभूमी

वनाजहून सुटणाऱ्या पुणे मेट्रोच्या पैशांत युरोपातल्या दोन संस्थांचा मोठा वाटा आहे. फ्रान्सच्या एएफडी या विकाससंस्थेने जानेवारी २०१९ मध्ये २४.५ कोटी युरोंचं कर्ज दिलं. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने ६० कोटी युरो देण्याचं ठरवलं आणि त्यातला २० कोटींचा पहिला करार त्याच वर्षी जुलैत झाला. एका प्रकल्पाला अनेक संस्थांनी मिळून पैसा पुरवणं आज सरावाचं झालं आहे. ही पद्धत भांडत भांडत घडली, आणि त्या भांडणात मराठी माणसांचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा आहे.

जुलै १९४४. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन नव्या संस्था उभारण्यासाठी अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले होते. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख जेरेमी रेझमन हे इंग्रज होते, पण त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफही होते. युद्धकाळात ब्रिटनने भारताकडून माल उचलला आणि त्याचे पैसे लंडनमध्येच स्टर्लिंगच्या रूपात अडकवून ठेवले होते. ते मोकळे करण्यासाठी नाणेनिधीने मदत करावी, ही एक मागणी. मागास देशांच्या विकासाचा निधीच्या उद्दिष्टांत स्पष्ट उल्लेख हवा, ही दुसरी. पहिली फेटाळली गेली. दुसरीचं झालं असं, की निधीच्या कलमात सर्व सभासदांच्या साधनसंपत्तीचा विकास असे मोघम शब्द आले. बँकेच्या कलमात मात्र कमी विकसित देशांचा उल्लेख झाला. गुलाम देशाच्या प्रतिनिधींनी तिथे एवढं पदरात पाडून घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

खरी मेख १९४७ च्या कराराने बसली. जागतिक बँक आणि नाणेनिधी कागदोपत्री संयुक्त राष्ट्रसंघाच्या कुटुंबात आले, पण कोणत्या कर्जाला हो म्हणायचं आणि कोणत्याला नाही, यात राष्ट्रसंघाने शिफारशी करू नयेत असं त्यातच ठरलं. राष्ट्रसंघात एका देशाला एक मत. बँकेत भांडवलाच्या हिशेबाने मतं. गरज कुणाची हे एका ठिकाणी ठरायचं आणि पैसा दुसऱ्या ठिकाणाहून सुटायचा. बँकेचं पहिलं कर्ज, २५ कोटी डॉलर, फ्रान्सला गेलं. भारताला १९४९ मध्ये रेल्वेसाठी ३.४ कोटी मिळाले.

त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रसंघाच्या समितीत प्रस्ताव मांडला : स्वस्त दराने विकासाला पैसा देणारी यंत्रणा राष्ट्रसंघाच्याच हाती असावी. श्रीमंत देशांनी दहा वर्षं टोलवाटोलवी केली. शेवटी १९६० मध्ये सवलतीच्या कर्जांसाठी आंतरराष्ट्रीय विकास संघटना (आयडीए) स्थापन झाली, पण जागतिक बँकेच्या छत्राखाली. पैसा आला, किल्ली देणाऱ्यांकडेच राहिली.

पुण्यात तेव्हा वेगळंच काम चाललं होतं. धनंजयराव गाडगीळांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी करून १९४८ मध्ये अहवाल काढला. पाटाचं पाणी शेतात गेल्यावर लाभ कुणाकुणापर्यंत पोहोचतो, हे गावात जाऊन मोजलेलं होतं. कर्ज देणाऱ्यांना हा प्रश्न मनापासून पडायला फार वेळ लागला. कोयनेच्या वीजप्रकल्पालाही जागतिक बँकेचं कर्ज होतं. तिथल्या विस्थापितांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून लोंबकळत आहेत.

मधल्या काळात सहकार्य वाढलं. १९६४ पासून राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेचे तज्ज्ञ शेतीचे प्रकल्प तयार करू लागले आणि बँक त्यांना कर्ज देऊ लागली. १९८२ मध्ये अनेक विकसनशील देशांना कर्जं फेडता येईनात. त्या कर्जसंकटानंतर मात्र निधी आणि बँकेच्या अटींखाली अनेक देशांत आरोग्य-शिक्षणाचा खर्च कापला गेला. त्याची झळ मुलांना बसते, असं १९८७ मध्ये राष्ट्रसंघाच्याच युनिसेफ या मुलांसाठीच्या संस्थेने जाहीरपणे सांगितलं.

मग नर्मदा. सरदार सरोवरासाठी बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. मणिबेली हे महाराष्ट्रातलं बुडितात जाणारं पहिलं गाव. मेधा पाटकर आणि खोऱ्यातल्या आदिवासींच्या आंदोलनामुळे बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. तिचे प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स हे राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. त्यांच्या १९९२ च्या अहवालाने पुनर्वसनाच्या आणि पर्यावरणाच्या कामावर कडक ठपका ठेवला. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं आणि सप्टेंबरमध्ये बँकेने तपासणी मंडळ स्थापन केलं. प्रकल्पाची झळ बसलेल्या लोकांना थेट बँकेकडे तक्रार नेण्याची वाट त्यातून उघडली. इतर विकास बँकांनीही पुढे अशा यंत्रणा उभारल्या. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेकडेही ती आहे.

२००२ मध्ये मेक्सिकोतल्या मॉन्टेरे इथे राष्ट्रसंघ, बँक, निधी आणि जागतिक व्यापार संघटना विकासनिधीच्या प्रश्नावर एकत्र बसल्या. जानेवारी २०२३ मध्ये जी-२० च्या पायाभूत सुविधा गटाची बैठक पुण्यात झाली. विषय होता उद्याच्या शहरांसाठी पैसा. त्याच वर्षी जूनमध्ये खडकीत जन्मलेले अजय बंगा जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिलला चौथी विकासनिधी परिषद भरली, तेव्हा अमेरिका बाहेर राहिली. नाणेनिधीत मतांची वाटणी बदलायची तर ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत, म्हणजे तिच्या होकाराशिवाय ती बदलत नाही.