पिक अप (इंग्रजी फ्रेझल वर्ब)

पिक अप हे इंग्रजीतलं फ्रेझल वर्ब आहे, म्हणजे पिक हे क्रियापद आणि अप हा छोटासा शब्द मिळून तयार झालेलं. नुसतं पिक म्हणजे निवडणं किंवा खुडणं, द्राक्षाच्या बागेत घड काढतात ते पिकिंग, पण अप जोडला की अर्थ उचलण्याकडे जातो.

नाशिकमध्ये सगळ्यात जास्त कानावर पडणारा अर्थ म्हणजे घ्यायला जाणं. रेल्वे स्टेशन नाशिकरोडला, जुन्या शहरापासून ८-१० किलोमीटर, मग मुंबईहून कोणी आलं की घरातून फोन जातोच, "थांब तिथंच, दादा पिकअप करायला निघालाय". मराठीत आल्यावर याचं नाम होतं आणि मागे आपलं करणे लागतं. इंग्रजीत मात्र आय विल पिक यू अप, यू मधे येतो. आपल्या पोरांची नेमकी इथंच चूक होते, पिक अप यू म्हणून मोकळे होतात, कारण मराठीत क्रियापद असं मधून फोडायची सवयच नाही. बॅगसारखं नाम असेल तर पिक अप द बॅग आणि पिक द बॅग अप दोन्ही चालतं, पण यू, हिम, इट अशी सर्वनामं मधेच बसवायची.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती आपल्या उचलणेशी असलेली जवळीक. फोन उचलला, पोलिसांनी उचललं, पोरानं आजोबांची बोलण्याची लकब उचलली, तिन्ही ठिकाणी इंग्रजीत पिक अपच! त्यामुळे अर्थांची यादी पाठ करण्यापेक्षा आधी उचलणे लावून बघावं, बऱ्याचदा जमतं. जिथं जमत नाही ते वेगळं लक्षात ठेवायचं, जसं रेडिओनं सिग्नल पकडणं, किंवा धंदा मंदीतून वर येणं, ज्याला मार्केटमधे मालाला उठाव आला म्हणतात (तिथंही उठणंच आहे बघा). अनोळखी व्यक्तीशी जवळीक साधायला ओळख काढणं हाही एक अर्थ आहे, पिकअप लाईन त्यातूनच आली, म्हणून कोणाबद्दल आय पिक्ड हर अप म्हणताना स्टेशनवरून की एअरपोर्टवरून ते सांगितलेलं बरं.

नाम झालं की पिकअप जोडून लिहितात आणि जोर पिकवर येतो, क्रियापदात तो अपवर असतो. बाईकला पिकअप चांगलाय म्हणतो तो वेग पटकन घेण्याचा अर्थ इंग्रजीतही आहे, विशेषतः अमेरिकेत. आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी ती पिकअप, लासलगाव नाहीतर पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या लिलावाला ट्रॅक्टरांच्या रांगेत उभी असते तीच.