चेहऱ्यावर उमटणारी नाडी

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी चेहऱ्याचा रंग किंचित बदलतो. रक्ताची लाट त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत शिरते, रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश जास्त शोषतं, आणि कपाळावरून परतणारा हिरवा उजेड क्षणभर कमी होतो. आपल्या डोळ्यांना हे कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी खोलीतल्या नेहमीच्या उजेडात, साध्या डिजिटल कॅमेऱ्याने नाडी टिपून दाखवली.

यातली खरी करामत गणिताची आहे. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलचा हिरवेपणा ० ते २५५ आकड्यांत नोंदवतो आणि नाडीमुळे पडणारा फरक बहुधा एका आकड्याइतकाही नसतो. एकटा पिक्सेल काहीच सांगत नाही. पण कपाळावरच्या हजारो पिक्सेलांची सरासरी काढली की प्रत्येकाची आपापली वेडीवाकडी थरथर जिरून जाते आणि सगळ्यांत मिळून असलेली लाट तेवढी उरते. मिनिटाला ७२ ठोके म्हणजे सेकंदाला १.२, सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्याला प्रत्येक ठोक्याची २५ चित्रं मिळतात. तेवढी पुरतात.

मला याचा सर्वांत मोलाचा उपयोग वाटतो तो अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी. त्यांची त्वचा इतकी नाजूक असते की सेन्सरची चिकटपट्टी काढताना ती सोलून निघते. ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात अशा बाळांवर कॅमेऱ्याने लक्ष ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत. बाळ शांत असेल आणि उजेड पुरेसा असेल, तर ठोके नीट मोजता येतात.

मान हलली, दिवा लुकलुकला की आकडा बिघडतो. त्याहून गंभीर प्रश्न त्वचेच्या रंगाचा. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश आधीच शोषून घेतं, त्यामुळे परत येणारी खूण क्षीण होते. प्रकाशावरच चालणाऱ्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं उदाहरण ताजं आहे: अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांमधली ऑक्सिजनची घट या उपकरणाच्या नजरेतून सुमारे तिप्पट वेळा निसटली होती. म्हणूनच कॅमेऱ्याचं हे तंत्र आपल्याकडे वापरायचं, तर त्याची पारख आपल्याच गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यांवर आधी व्हायला हवी.

रक्तदाबाची गोष्ट वेगळी. ठोके मोजणं म्हणजे लाटा मोजणं. दाब मात्र लाटेच्या आकारावरून अंदाजाने काढावा लागतो, आणि तो अंदाज अजून भरवशाचा नाही. फोनच्या ॲपने चेहरा पाहून रक्तदाब सांगितला, तरी गोळी कमी-जास्त करण्याआधी दंडाला पट्टा बांधून तो मोजावाच.