टेपचा नाही, फुंकायचा रेकॉर्डर

रेकॉर्डरचा इंटरनॅशनल फेस्टिवल असतो असं मी घरी सांगितलं तर काकांचा पहिला प्रश्न, "आता कॅसेट कोण ऐकतं रे?" त्यांची चूक नाही, आपल्याकडे रेकॉर्डर म्हटलं की टेपच आठवतो. पण हा रेकॉर्डर फुंकायचा. काही इंग्लिश मीडियम शाळांत पोरांना घ्यायला लावतात ती क्रीम रंगाची प्लॅस्टिकची उभी बासरी, समोर सात भोकं, मागे अंगठ्याला एक, आणि पहिले दोन महिने शेजाऱ्यांना नको नको करून सोडणारी, तीच. ज्या नाशिकचं नाव ढोलामुळे गाजतं तिथं बसून इतक्या बारीक आवाजाच्या वाद्यावर लिहायचं म्हणजे गंमतच आहे, पण भाचीमुळे सध्या घरात तेच चालू आहे आणि एकदा शोधायला लागलो तर थांबवेना.

आधी हे फेस्टिवल असतात कसे ते सांगतो. आपल्याकडे महोत्सव म्हणजे वर स्टेजवर तानसेन आणि खाली खुर्च्यांवर कानसेन. रेकॉर्डरवाल्यांकडे मोठ्या कलाकारांच्या मैफिली असतातच, पण दिवसाचा बराच वेळ आलेले लोक स्वतःच वाजवत बसतात, रिटायर्ड मास्तर, डॉक्टर, शाळकरी पोरं, सगळे नोटेशन पुढ्यात ठेवून एकाच हॉलमध्ये. बाजूला वाद्यं बनवणारे कारागीर टेबलं मांडून बसलेले असतात, कुणीही जावं आणि फुंकून बघावं. आणि साइझ तरी किती, सगळ्यात छोटा गार्कलाइन जेमतेम १६ सेंटीमीटरचा, तर काँट्राबास माणसापेक्षा उंच. मोठ्यांमध्ये एक चौकोनी प्रकार येतो, प्लायवूडचा, लांबून बघितलं तर कपाटाचा खण काढून आणलाय असं वाटतं. तर ऐकण्यापेक्षा वाजवण्यावर एवढा जोर का, याचं कारण असं की हे वाद्य मध्ये दीडशे वर्षं जवळजवळ मेलेलं होतं आणि ते परत उठलं ते बऱ्याच अंशी हौशी लोकांच्या जिवावर.

वाद्य म्हणून आपल्याला ते अजिबात परकं नाही बरं का. बासरी आडवी धरतात, फुंकेचा कोन ओठानं सांभाळावा लागतो, म्हणून नवशिक्याची आठवडाभर नुसती हवाच जाते. आपलं अलगूज मात्र उभं धरायचं, तोंडाशी लाकडाचा गुल्ला ठोकलेला, त्याच्या वरच्या फटीतून हवा जाते आणि पुढच्या कडेवर आपटून सूर निघतो. नवरात्रात कालिकेच्या यात्रेत काठीला खोचून विकतात त्यातल्या बऱ्याच बासऱ्या असल्याच असतात. रेकॉर्डर याच घराण्यातला. जर्मन लोक त्याला ब्लॉकफ्ल्योट म्हणतात, त्यातला ब्लॉक म्हणजे हा गुल्लाच, चांगल्या वाद्यात तो सीडरचा करतात कारण ते लाकूड फुंकेतली ओल शोषून घेतं. फरक मागच्या अंगठ्याच्या भोकाचा. ते अर्धवट उघडलं की सूर वरच्या सप्तकात जातो. आणि इंग्लिश नाव कुठून आलं म्हणाल तर तिकडे जुन्या काळी 'रेकॉर्ड' करणं म्हणजे सूर घोकणं, पक्षी गाणं घोकतात त्यालाही हाच शब्द होता. म्हणजे काकांचा टेप आणि भाचीची पिपाणी शब्दानं चुलत भावंडंच निघाली.

सगळ्यात जुने नमुने चौदाव्या शतकाच्या आसपासचे. एक नेदरलँड्समध्ये डोर्ड्रेख्तजवळ एका गढीच्या खंदकात १९४० मध्ये सापडला आणि एक जर्मनीत ग्योटिंगेनला १९८७ मध्ये, जुन्या संडासाच्या खड्ड्यात. तिथं तो कसा गेला असेल, पडला की शेजाऱ्यानं वैतागून टाकला, देव जाणे. पुढे सोळाव्या शतकात याची चैन झाली. १५११ मध्ये बाझेलला सेबास्टियान फिर्डुंगनं वाद्यांवर पुस्तक छापलं त्यात रेकॉर्डर आहे, १५३५ मध्ये व्हेनिसच्या गानासीनं तर पूर्ण पुस्तकच याच्यावर काढलं, आणि इंग्लंडचा आठवा हेन्री गेल्यावर १५४७ मध्ये राजवाड्यातल्या सामानाची यादी केली तेव्हा त्यात ७६ रेकॉर्डर निघाले. बायका सहा आणि रेकॉर्डर ७६.

पण मला सगळ्यात आवडला तो उट्रेख्तचा याकोब फान आयक. जन्मापासून आंधळा, काम चर्चच्या घंटा वाजवण्याचं आणि त्या सुरात लावण्याचं, आणि छंद रेकॉर्डरचा. १६४९ मध्ये त्याचा पगार वाढवला आणि अट घातली की संध्याकाळी यान्सकेर्क नावाच्या चर्चच्या आवारात फिरायला येणाऱ्या लोकांना अधूनमधून रेकॉर्डर वाजवून दाखवायचा. म्हणजे आपल्याकडे गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर मनपानं पगारी वादक बसवावा तसं. त्यानं लोकांच्या ओळखीच्या चाली घेऊन त्यावर एकट्यानं वाजवायची शेकड्याच्या वर व्हेरिएशन्स रचली, ती छापली, आणि आजही या फेस्टिवलमध्ये फान आयक वाजला नाही असं सहसा होत नाही. साधारण त्याच काळात लंडनमध्ये डायरीवाला सॅम्युअल पीप्स १६६८ मध्ये नाटकाला गेला, तिथं देवदूत खाली उतरतानाचं फुंकवाद्यांचं संगीत ऐकून इतका पागल झाला की थोड्याच दिवसांत दुकानात जाऊन रेकॉर्डर घेऊन आला. हौशी वादकाचं हे लक्षण तेव्हापासूनचं, ऐकलं की घ्यायचंच.

मग सतराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये त्याचे तीन तुकडे करून जोडायची पद्धत आली, आवाज टोकदार झाला, आणि विवाल्दी, टेलेमान, हँडल, बाख अशा त्या काळच्या मोठ्या संगीतकारांनी त्याच्यासाठी लिहिलं. बाखच्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्तो नावाच्या रचनांपैकी दुसऱ्या आणि चौथ्यात रेकॉर्डर आहे. आणि इथूनच घसरण. कारण साधं आहे, रेकॉर्डरमध्ये जोरात फुंकलं की आवाज मोठा होतो पण सूरही चढतो, हळू फुंकलं की उतरतो. राजवाड्याच्या खोलीत हे चालून गेलं, पण हॉल मोठे झाले, ऑर्केस्ट्रा फुगला, एकाच सुरात बारीकमोठं करता येणं गरजेचं झालं, आणि १७५० च्या सुमारास आडव्या फ्लूटनं त्याची जागा घेतली. मरण इतकं पक्कं की नावसुद्धा गेलं. पूर्वी नुसतं 'फ्लौतो' लिहिलं की रेकॉर्डर समजायचे आणि आडव्याला 'त्रावेर्सो' जोडायचे, पुढच्या लोकांनी नुसता फ्लौतो म्हणजे आपला नेहमीचा फ्लूट असं धरून बाखचे रेकॉर्डरचे भाग बिनधास्त आडव्यावर वाजवले.

आता वॉटरलू स्टेशनची गोष्ट. आर्नोल्ड डोलमेच म्हणून एक भला माणूस, १८५८ चा, जन्म फ्रान्सचा, इंग्लंडमध्ये येऊन जुनी वाद्यं गोळा करायची, दुरुस्त करायची, वाजवायची हे त्याचं वेड. १९०५ मध्ये त्याला ब्रेसां नावाच्या कारागिराचा अठराव्या शतकातला जुना रेकॉर्डर मिळाला आणि तो घरच्या मैफिलीत वाजू लागला. १९१९ मध्ये सगळं कुटुंब एका कार्यक्रमाहून परतताना वॉटरलूला सामानाची एक पिशवी राहिली, सांभाळायला दिली होती सात वर्षांच्या मुलाकडे, कार्लकडे, आणि त्या पिशवीत ब्रेसांचा रेकॉर्डर. शोधाशोध केली, मिळाला नाही. घरात काय वातावरण झालं असेल याची कल्पना ज्यांनी लहानपणी प्रवासात छत्री हरवलीय त्यांना येईल, इथं तर दोनशे वर्षांचं वाद्य होतं. डोलमेचकडे त्याची मापं होती. त्यानं त्यावरून नवीन रेकॉर्डर करायला घेतला, बरेच तुकडे वाया घालवले, आणि जमवलाच. (हरवलेला पुढे जुन्या सामानाच्या दुकानात निघाला आणि घरी परत आला, आपल्याकडे गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात सापडावा तसा.) पण तोपर्यंत एक जुना रेकॉर्डर जपण्याऐवजी नवे रेकॉर्डर बनवण्याचं काम सुरू झालं होतं. पिशवी तेव्हाच सापडली असती तर हे सगळं कधी झालं असतं, झालं असतं तरी का, असं मला तरी वाटतं.

१९२५ मध्ये या माणसानं आपल्या गावात, सरे परगण्यातल्या हेझलमिअरला, जुन्या संगीताचा फेस्टिवल सुरू केला. गाव छोटं, वाजवणारे बरेचसे घरचेच, बायको पोरं सगळी, वाद्यं घरच्या वर्कशॉपमधली. आजच्या रेकॉर्डर फेस्टिवलचं मूळ मी इथं धरतो, कारण करणारा, वाजवणारा आणि ऐकणारा एका छताखाली हा प्रकार तिथं चांगला रुजला.

तिकडे जर्मनीत पीटर हार्लान म्हणून वाद्य बनवणारा होता, तो हेझलमिअरचं बघून भारावला आणि घरी जाऊन स्वतःचे रेकॉर्डर काढायला लागला. इथं एक घोळ झाला ज्याचा फटका शंभर वर्षांनी आमच्या घराला बसला. जुन्या पद्धतीत सगळ्यात खालचा सूर सा धरला तर शुद्ध मध्यमाला बोटं जरा वाकडी ठेवावी लागतात, मध्ये एक भोक उघडं आणि खालची परत बंद. हार्लाननं भोकांची मापं बदलून ते सोपं केलं, बोटं एकामागून एक उचलत जा की मध्यम आला. याला जर्मन फिंगरिंग म्हणतात. शाळांना आवडलं, तरुणांच्या चळवळींना आवडलं, पुढे नाझींच्या हिटलर यूथनंही तेच वाद्य उचललं. पण शुद्ध मध्यम सोपा करताना तीव्र मध्यम बिघडला, त्याला आता अवघड बोटं आणि तरी सूर हलका. दुकानदारानं भाचीला दिलेला नेमका हाच निघाला, मागे बारीक 'जी' कोरलेलं, कुणी बघितलं नाही. क्लासमधलं पुस्तक जुन्या, म्हणजे बरोक पद्धतीचं, त्यामुळे तिची बोटं बरोबर आणि सूर चुकीचा, आणि घरी मी हौसेनं यमन काढायला सांगायचो तर तीव्र मध्यम आला की कुत्रं भुंकायचं. महिनाभर आम्ही पोरीलाच रागावत होतो! ओळखायची खूण सांगून ठेवतो, वरून चौथं भोक पाचव्यापेक्षा लहान असेल तर बरोक, पाचवं लहान असेल तर जर्मन.

इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात एडगर हंटनं शाळांमध्ये रेकॉर्डर नेला, आणि १९३७ मध्ये त्यानं आणि तोच तो पिशवीवाला कार्ल डोलमेच, दोघांनी मिळून सोसायटी ऑफ रेकॉर्डर प्लेअर्स काढली. तिच्या गावोगावी शाखा झाल्या, महिन्याला जमायचं आणि वाजवायचं, आणि वर्षातून एकदा वेगवेगळ्या शाखेकडे फेस्टिवल. आपल्या भजनी मंडळांचं चालतं तसंच की. १९३९ मध्ये न्यू यॉर्कला सुझान ब्लॉकनं अमेरिकन रेकॉर्डर सोसायटी सुरू केली, ते लोक आता मार्च महिना रेकॉर्डरचा म्हणून साजरा करतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्लनंच बेकेलाइटचे रेकॉर्डर आणले, मग जपानी कंपन्यांनी प्लॅस्टिकचे इतके चांगले आणि स्वस्त काढले की जगभरच्या शाळांत तेच. याच स्वस्ताईनं वाद्याची इज्जतही गेली, हे पोरांचं खेळणं असं पक्कं झालं.

ती इज्जत परत आणली हॉलंडच्या फ्रान्स ब्र्युगेननं. १९३४ चा जन्म, एकविसाव्या वर्षी हेगला प्रोफेसर, वाजवणं असं की साठच्या दशकात तो पॉपस्टारसारखा गाजला, आणि लुचियानो बेरिओसारख्या संगीतकारानं १९६६ मध्ये त्याच्यासाठी एकदम मॉडर्न पीस लिहिला ज्यात तोंड आणि बोटं एकमेकांशी संबंध नसल्यासारखी चालतात. त्याच्यानंतर अ‍ॅमस्टरडॅम हे या लोकांचं पंढरपूर झालं, तिथला ओपन रेकॉर्डर डेज हा फेस्टिवल अजून नावाजलेला आहे, स्पर्धा वेगळ्या, हौशींचं वाजवणं वेगळं, दोन्ही एकाच ठिकाणी.

आमच्याकडचं म्हणाल तर भाचीला मागे 'बी' कोरलेला नवा आणला आणि यमनातला मध्यम चार दिवसांत जाग्यावर आला. जर्मनवाला टाकून द्यायचा होता, काकांनी ठेवून घेतला. रोज संध्याकाळी गच्चीवर भूप काढत असतात, त्यात मध्यमच नाही.