इन्फ्लुएंझा : माणसांतील आणि पक्ष्यांतील (कोल्हापूर परिसर)

इन्फ्लुएंझा हा ऑर्थोमिक्सोव्हायरस कुळातील विषाणूंमुळे होणारा संसर्गजन्य रोग आहे. माणसांत तो श्वसनमार्गाचा आजार असतो. पाणपक्ष्यांत तो मुख्यतः आतड्यात राहतो, आणि कोंबड्यांत शिरल्यावर काही वेळा दोन-तीन दिवसांत अख्खी शेड रिकामी करतो. कोल्हापूर जिल्ह्यात त्याची ओळख तीन वेगळ्या नावांनी आहे. पावसाळ्यातला ‘व्हायरल’, दवाखान्यात धास्ती निर्माण करणारा ‘स्वाइन फ्लू’ आणि वर्तमानपत्रातला ‘बर्ड फ्लू’. तिन्हींबद्दलची भीती मात्र धोक्याच्या उलट्या क्रमाने दिसते. दूरच्या जिल्ह्यात कोंबड्या मेल्याची बातमी आली की चिकनची दुकाने ओस पडतात. तापाने फणफणलेला माणूस मात्र दुसऱ्या दिवशी एस.टी.त, कारखान्यात किंवा गल्लीच्या जेवणावळीत हजर असतो. आजवरचा अनुभव पाहता जिवाला मोठा धोका या तापाच्या माणसाकडून आहे, कोंबड्यांकडून नाही.

विषाणू

इन्फ्लुएंझाचे ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार आहेत. माणसांतील हंगामी साथी ए आणि बी यांच्या असतात. डी प्रामुख्याने गुराढोरांत आढळतो. पक्ष्यांचा इन्फ्लुएंझा फक्त ए प्रकाराचा असतो आणि जागतिक महामाऱ्याही याच प्रकाराने घडवल्या आहेत. विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन (एच) आणि न्यूरामिनिडेज (एन) या दोन प्रथिनांवरून एच१एन१, एच३एन२, एच५एन१ अशी नावे पडतात. एच१ ते एच१६ हे सर्व उपप्रकार रानटी पाणपक्ष्यांत व किनाऱ्यावरील पक्ष्यांत सापडले आहेत. म्हणजे या रोगाचे मूळ घर पक्ष्यांत आहे, माणूस त्यात नंतर आला.

ए प्रकाराची जनुकीय सामग्री आठ सुट्या तुकड्यांत असते. दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले तर पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसल्यासारखी या तुकड्यांची सरमिसळ होते आणि नवाच विषाणू बाहेर पडू शकतो. डुकराच्या श्वसनमार्गात पक्ष्यांचे आणि माणसांचे, दोन्ही विषाणू रुजू शकतात, म्हणून अशा सरमिसळीत डुकराचे नाव वारंवार येते. २००९ चा एच१एन१, म्हणजे ‘स्वाइन फ्लू’चा विषाणू पक्षी, माणूस आणि डुक्कर या तिन्हींकडून आलेले तुकडे घेऊन उभा राहिला होता. ही झाली मोठी उडी. याखेरीज विषाणूत दरवर्षी बारीकसारीक बदल होत राहतात, आणि त्यामुळेच गेल्या वर्षीची लस यंदा पुरी पडत नाही.

बर्ड फ्लू माणसाला सहजी का होत नाही, याचे उत्तर पेशींवरील ग्राहींत, म्हणजे विषाणू ज्यांना पकडून आत शिरतो त्या रेणूंत आहे. पक्ष्यांचे विषाणू ज्या ग्राहींना चिकटतात ते माणसाच्या नाकाघशात कमी आणि फुप्फुसात खोलवर जास्त असतात. त्यामुळे संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तीव्र न्यूमोनिया होतो आणि रुग्णाच्या खोकल्यातून तो दुसऱ्याला सहसा लागत नाही. हाँगकाँगमध्ये १९९७ साली एच५एन१ या पक्ष्यांच्या विषाणूची लागण १८ जणांना झाली, त्यांतील ६ दगावले. २००३ पासून जगभर नोंदलेल्या एच५एन१ रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू पावले आहेत. सौम्य रुग्ण नोंदीत येत नसल्याने खरे प्रमाण कमी असू शकते, पण रोग हलका नाही.

१९१८ ची साथ

जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात साथ दिसली. सप्टेंबरपासूनची दुसरी लाट कितीतरी अधिक घातक होती. भारतातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, यामागे ही साथ हे प्रमुख कारण होते. १९१८ सालीच पावसाने दगा दिला होता आणि धान्य महागले होते. मुंबई इलाख्यात साथ रेल्वेच्या वाटेने पसरली, आणि कोल्हापूर संस्थान १८९१ पासून मिरजमार्गे या रेल्वेजाळ्याला जोडलेले होते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीने (१८९४–१९२२) आधी प्लेग पाहिला होता. त्या वेळी गाव सोडून माळावर झोपड्यांत राहणे हा उपाय काही अंशी चालला. खोकल्यातून पसरणाऱ्या आणि दोन दिवसांत लक्षणे दाखवणाऱ्या तापापुढे तो चालण्यासारखा नव्हता. मराठी मुलखात ही साथ ‘मानमोडी’ म्हणून आठवणीत राहिली. त्या काळी तिचे कारण कोणालाच माहीत नव्हते. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ साली लंडनमध्ये वेगळा करण्यात आला. पक्ष्यांचा रोग इटलीत पेरोन्चितो यांनी १८७८ सालीच वर्णिला होता, पण तोही इन्फ्लुएंझाच आहे हे कळायला १९५५ साल उजाडले.

कोल्हापुरातील हंगाम

थंड देशांत फ्लू हिवाळ्यात येतो. पश्चिम महाराष्ट्रात त्याचा मोठा जोर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरा लहान चढ जानेवारी ते मार्चमध्ये दिसतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला शिरोळकडे त्याचा लहानसा अंश. मात्र पावसाळ्यात माणसे दारे-खिडक्या लावून एका खोलीत बसतात ही गोष्ट दोन्हीकडे सारखी. इचलकरंजीतील यंत्रमागाच्या शेड, वसतिगृहे आणि तालमी, जिथे मल्ल एकत्र राहतात, जेवतात आणि अंगाला अंग भिडवतात, तिथे एकाचा खोकला आठवड्यात सगळ्यांचा होतो. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा आणि गल्लोगल्लीची जेवणे येतात तीही नेमकी या सुमारास. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत हजारो लोकांना निवारा केंद्रांत हलवावे लागले. अशा ठिकाणी तापाचे रुग्ण पहिल्या दिवसापासून वेगळ्या खोलीत ठेवणे हे औषधांच्या साठ्याइतकेच महत्त्वाचे असते, आणि नेमके तेच राहून जाते.

माणसांतील लक्षणे व उपचार

संसर्गानंतर एक ते चार दिवसांत एकाएकी ताप, अंगदुखी, डोकेदुखी, कोरडा खोकला, घसादुखी आणि कमालीचा थकवा येतो. साध्या सर्दीत माणूस कुरकुरत का होईना, कामाला जातो; फ्लूत अंथरूण सुटत नाही. रुग्ण लक्षणांच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस रोग पसरवू शकतो. मुले त्याहून जास्त दिवस पसरवतात.

महाराष्ट्रातील दवाखान्यांत २००९ नंतर रुग्णांची अ, ब, क अशी वर्गवारी रुळली. सौम्य ताप-खोकला असलेल्या ‘अ’ गटाला तपासणीची किंवा विषाणूरोधी गोळ्यांची गरज नसते. विश्रांती, भरपूर पातळ पदार्थ आणि पॅरासिटामॉल पुरते. जोराचा ताप व तीव्र घसादुखी असलेले, तसेच गरोदर स्त्रिया, लहान मुले, ६५ वर्षांवरील माणसे, मधुमेह, दमा, हृदय वा मूत्रपिंडाचे विकार असलेले ‘ब’ गटात येतात. त्यांना तपासणीच्या निकालाची वाट न पाहता डॉक्टर ऑसेल्टामिविर सुरू करतात. प्रौढांसाठी ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस असा त्याचा नेहमीचा क्रम आहे. पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर त्याचा उपयोग सर्वांत चांगला होतो, मात्र गंभीर रुग्णाला उशिरानेही ते देतात. धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, ओठ-नखे निळसर पडणे, गुंगी, रक्तदाब उतरणे किंवा मूल खाईनासे होणे ही ‘क’ गटाची लक्षणे आहेत, आणि त्यांना घरी थांबणे परवडत नाही. कोल्हापुरात अशा रुग्णांसाठी सरकारी आधार म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, सर्वांच्या तोंडी ‘सीपीआर’. विषाणूंच्या सखोल तपासणीसाठी राज्याची भिस्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेवर असते.

‘डॉक्टर, एक सुई मारा’ हा आग्रह या रोगात निरुपयोगी आहे. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. मागाहून जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तरच ती लागतात. सलाईनने थकवा गेल्यासारखे वाटते, रोग जात नाही. आल्याचा काढा, हळदीचे दूध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांनी घशाला बरे वाटते, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. फक्त त्यांच्या भरवशावर धाप अंगावर काढू नये. लहान मुलाला वाफ देताना भांडे कलंडून भाजण्याची भीती असते. तापासाठी मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्यातून यकृत व मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो.

‘स्वाइन फ्लू’ हे नाव आता दिशाभूल करते. ऑगस्ट २००९ मध्ये भारतातील पहिला मृत्यू पुण्यात झाला तेव्हा तो विषाणू नवा होता. जागतिक आरोग्य संघटनेने १० ऑगस्ट २०१० रोजी महामारी संपल्याचे जाहीर केले, आणि तेव्हापासून तो हंगामी फ्लूचाच भाग आहे. अहवालात हे दोन शब्द दिसले म्हणून कुटुंबाला वाळीत टाकण्यासारखे त्यात काही नाही. डुकराचा तर या रुग्णाशी संबंधही नसतो.

लस

जागतिक आरोग्य संघटना लसीतील विषाणू वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. भारत उत्तर गोलार्धात असला तरी कोल्हापूरसारख्या पावसाळी हंगामाच्या भागाला दक्षिण गोलार्धाची लस एप्रिल-मे महिन्यांत घेणे वेळेच्या दृष्टीने सोयीचे पडते. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. लस घेतल्यावरही फ्लू होऊ शकतो, पण रुग्णालयात जाण्याची वेळ कमी येते. गरोदरपणात घेतलेल्या लसीचा फायदा जन्मानंतर पहिले काही महिने बाळालाही मिळतो, आणि सहा महिन्यांखालील बाळाला स्वतःची लस देता येत नसल्याने ही गोष्ट मोलाची ठरते. बी प्रकाराच्या दोन शाखांपैकी यामागाता ही शाखा मार्च २०२० नंतर कुठेही खात्रीने आढळलेली नाही, म्हणून चार घटकांच्या लसी आता पुन्हा तीन घटकांच्या होत आहेत. माणसांसाठीच्या बहुतेक फ्लू लसी आजही कोंबडीच्या फलित अंड्यांतच वाढवतात.

पक्ष्यांतील रोग

देशातील पाळीव कोंबड्यांत एच५एन१ पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात उद्रेक झाला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले, तर नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने दगावल्याचे निष्पन्न झाले.

उच्च रोगकारक प्रकारात कोंबड्या आदल्या दिवशी धडधाकट दिसतात आणि सकाळी मरून पडलेल्या असतात. तुरा आणि चोचीखालचा लोंबता भाग निळा-जांभळा पडतो, डोके सुजते, पायांवर रक्ताचे डाग दिसतात, अंडी एकदम घटतात किंवा मऊ कवचाची येतात. गावात मात्र कोंबड्या पटापट मेल्या की पहिला संशय राणीखेत रोगावर जातो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. राणीखेतचा विषाणू निराळ्या कुळातला आहे. त्यावर लासोटा, आर-टू-बी या स्वस्त लसी उपलब्ध आहेत. परसातल्या कोंबड्यांना त्या वेळेवर दिल्या, तर पुढे एकाएकी मरतूक झाल्यावर संशय योग्य दिशेने वळतो. डोळ्यांनी पाहून दोन्हींत खात्रीने फरक करता येत नाही. नमुने औंध, पुणे येथील रोग अन्वेषण विभागामार्फत भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात आणि बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब तिथेच होते.

रंकाळा, कळंबा, राजाराम तलावांवर हिवाळ्यात पाहुणे पाणपक्षी येतात. विषाणू त्यांच्यासोबत येऊ शकतो, म्हणून त्यांना हुसकावणे किंवा मारणे हा उपाय नव्हे. त्याने पक्षी पांगतात आणि रोगही. शेडपर्यंत विषाणू पोहोचवतात ती मुख्यतः माणसेच. करार पद्धतीच्या ब्रॉयलर व्यवसायात पिल्ले, खाद्य आणि विक्रीचे पक्षी नेणारी वाहने एका शेडवरून दुसऱ्या शेडवर जातात. क्रेट, टायर आणि चपला यांवर चिकटलेली विष्ठा हेच खरे वाहन. शेडसाठी वेगळी पादत्राणे, दाराशी जंतुनाशकाचा फूटबाथ, क्रेट धुऊनच आत घेणे, बाहेरचे पक्षी शिरू नयेत म्हणून जाळी, तलावाचे पाणी क्लोरीन टाकूनच पाजणे, एका शेडमधले सर्व पक्षी एकदम काढून मग शेड रिकामी ठेवणे, या गोष्टींचा खर्च एका तुकडीच्या नुकसानीपुढे नगण्य आहे. उसाच्या शेतात कोंबडी खत सर्रास पडते. थंड, ओलसर विष्ठेत विषाणू अनेक आठवडे टिकतो, म्हणून उद्रेकाच्या काळात खत हलवू नये आणि एरवीही ते कुजवूनच वापरावे.

आजारी पक्ष्यांवर उपचार नाही, आणि करूही नये. काही देशांत कोंबड्यांना माणसांचे विषाणूरोधी औषध दिल्याने त्या औषधाला दाद न देणारे विषाणू वाढले. भारताचे धोरण निर्मूलनाचे आहे : बाधित ठिकाणापासून १ किलोमीटर त्रिज्येतील पक्षी नष्ट करून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे आणि १० किलोमीटरपर्यंत सर्वेक्षण करायचे. हे काम करणाऱ्यांना संरक्षक पोशाख व प्रतिबंधक गोळ्या देतात आणि पुढे दहा दिवस त्यांच्या तापावर लक्ष ठेवतात.

खाण्याविषयी

विषाणू ७० अंश सेल्सिअसला नष्ट होतो. तांबडा-पांढरा रस्सा खळखळ उकळतो. त्यातून बर्ड फ्लू होण्याची शक्यता उरत नाही. धोका पक्षी धरताना, कापताना आणि सोलताना असतो, कारण तेव्हा विष्ठा, रक्त आणि पिसांची धूळ नाकातोंडात जाते. मेलेली किंवा आजारी कोंबडी ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून घरी कापणे सर्वांत वाईट. कच्चे अंडे फेटून पिण्याची सवय तालमीतल्या मुलांनी सोडलेली बरी, आणि त्याला सालमोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचेही कारण आहे.

दुधाच्या या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंत एच५एन१ आढळला आणि विषाणू दुधातून बाहेर पडत असल्याचे दिसले. पाश्चरीकरणाने तो निष्प्रभ होतो. गोठ्यातले धारोष्ण दूध उकळूनच घेण्याला त्यामुळे नवे कारण मिळाले.

सूचना आणि भरपाई

एकाएकी अनेक कोंबड्या, कावळे किंवा पाणपक्षी मेलेले दिसले तर हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या फोन क्रमांकावर कळवावे. शेतकरी अनेकदा गप्प राहतो, कारण शेड बंद होण्याची भीती असते. नियम मात्र उलट सांगतो. सरकार भरपाई देते ती मोहिमेत नष्ट केलेले पक्षी, अंडी आणि खाद्य यांची. त्याआधी रोगाने मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. कळवायला जितके दिवस लागतात तितके पक्षी भरपाईतून वजा होतात.