चॉल्ड्रन म्हणजे नक्की किती कोळसा?

इंग्लंडच्या कोळसा व्यापाराचे जुने हिशेब वाचताना ‘चॉल्ड्रन’ हा शब्द सतत आडवा येतो. मूळ फ्रेंच, अर्थ मोठी काहील. धान्य पायलीने मोजावे तसे हे आकारमानाचे माप. मध्ययुगात ते रुळले. खरा घोळ पुढचा.

ईशान्य इंग्लंडमधल्या न्यूकॅसल बंदरातून समुद्रमार्गे जाणाऱ्या कोळशावर कर असे तो चॉल्ड्रनमागे. साहजिकच व्यापाऱ्यांनी चॉल्ड्रनच फुगवत नेला. १४२१ च्या सुमारास तो २,००० पौंडांचा धरत. १६७८ मध्ये साडेबावन्न हंड्रेडवेटवर (एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड) बांधला गेला आणि १६९० च्या दशकात ५३ वर, म्हणजे ५,९३६ पौंड, जवळपास २,७०० किलो. याला सर्रास लबाडी म्हटले जाते. पण नगावर कर लावला की नग मोठा होणारच, हे कर लावणाऱ्यांना कळायला हवे होते.

लंडनचा चॉल्ड्रन मात्र वेगळाच: ३६ बुशेल (हेही आकारमानाचेच माप), तेही शीग लावून. वजनात न्यूकॅसलच्या जेमतेम निम्मा. न्यूकॅसलच्या टाइन नदीत आठ चॉल्ड्रन भरलेल्या होडीतला माल लंडनच्या मापाने पंधरा-सोळा भरे. त्यामुळे नुसता ‘चॉल्ड्रन’ लिहिलेला आकडा कोणत्या बंदरातला, हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये. आपल्याकडे गावागणिक बदलणाऱ्या खंडीची सवय असलेल्यांना हे नवे वाटणार नाही.

मापाने विकण्यात आणखी एक मेख होती. न्यूकॅसलच्या एका गणितज्ञाने दाखवले होते, की ५ बोल (तिथले स्थानिक माप) भरणारा एक घन यार्डाचा सबंध तुकडा मध्यम फोडला तर साडेसात बोल होतो, बारीक फोडला तर ९. लंडनच्या विक्रेत्यांना हातोडा प्रिय का होता, ते यावरून कळते.

टाइनवरच्या चॉल्ड्रनमागचा एक शिलिंग तर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एका सरदार घराण्याला मिळे. सरकारने १७९९ मध्ये तो हक्क विकत घेतला, वसुली मात्र १८३१ पर्यंत थांबली नाही. त्याच सुमारास लंडनमध्ये कोळसा वजनाने विकण्याचा कायदा झाला आणि १८३५ मध्ये तो नियम देशभर लागू झाला.

शब्द रुळांवर मात्र टिकला. ५३ हंड्रेडवेट कोळसा मावणाऱ्या लाकडी वाघिणीला ‘चॉल्ड्रन वॅगन’च म्हणत. ईशान्य इंग्लंडच्या काही खाणींवर त्या विसाव्या शतकातही धावत होत्या.