डायडोचे दोन मृत्यू

कार्थेजची राणी डायडो म्हटलं की प्रियकर सोडून गेला म्हणून चितेवर चढलेली बाई डोळ्यांसमोर येते. जुन्या कथेत मात्र हा प्रियकर नाहीच.

टायर हे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचं फिनिशियन व्यापाऱ्यांचं शहर. तिथला राजा पिग्मेलियन याने संपत्तीच्या हव्यासापोटी सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचा जीव घेतला. ही बहीण एलिसा, म्हणजेच पुढची डायडो, खजिना गलबतांवर चढवून निसटली आणि ट्युनिशियाच्या किनाऱ्याला लागली. (ट्युनिशियात आजही तिला एलिसाच म्हणतात, 2005 साली निघालेल्या दहा दिनारांच्या नोटेवर तिचं चित्र आहे.) स्थानिकांकडे तिने बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जागा मागितली. होकार मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि अख्खी टेकडी वेढून घेतली. आपल्याला वामनाची तीन पावलं आठवावीत, असा हा सौदा. त्या टेकडीचं नाव बिर्सा आणि ग्रीकमध्ये बिर्सा म्हणजे कातडं. नाव आधीचं आणि गोष्ट मागाहून जुळवलेली, असंच वाटतं. तेवढ्याच लांबीच्या दोरीत जास्तीत जास्त जागा कशी वेढायची, या कोड्याला गणितात डायडोचंच नाव आहे. एका बाजूला सरळ समुद्रकिनारा असेल तर उत्तर अर्धवर्तुळ.

ग्रीक इतिहासकार टिमिअसने कार्थेजच्या स्थापनेचं साल इ.स.पू. 814 धरलं. शहर भरभराटलं, तसा शेजारचा राजा लग्नासाठी हटून बसला; नाहीतर युद्ध. तिचीच माणसं गळ घालू लागली. दिवंगत नवऱ्यासाठी विधी करायचा आहे असं सांगून तिने चिता रचवली आणि तिच्यावर चढून स्वतःला भोसकून घेतलं. हा पहिला मृत्यू, नवऱ्याला दिलेल्या शब्दापायी.

दुसरा मृत्यू दिला रोमन कवी व्हर्जिलने. रोम आणि कार्थेज यांच्यात इ.स.पू. 264 ते 146 या काळात तीन युद्धं झाली आणि शेवटी रोमने कार्थेज जमीनदोस्त केलं. सम्राट ऑगस्टसच्या काळात ‘ईनिड’ हे महाकाव्य लिहिताना व्हर्जिलला या वैराचं मूळ हवं होतं. त्याने ट्रॉयहून निघालेला, रोमनांचा मूळपुरुष ईनिअस थेट डायडोच्या दरबारात आणला. रूढ कालगणनेत ट्रॉय पडलं इ.स.पू. 1184 मध्ये, म्हणजे दोघांत साडेतीनशेहून जास्त वर्षांचं अंतर! कवीला त्याची फिकीर नव्हती. दोघं प्रेमात पडतात, पण देवाज्ञा होताच ईनिअस इटलीकडे निघतो आणि डायडो त्याच्याच तलवारीने प्राण देते. जाताना ती शाप देते, माझ्या हाडांतून सूड घेणारा कुणीतरी उठो. रोमन वाचकाला हॅनिबलचं, म्हणजे रोमशी लढलेल्या कार्थेजच्या सेनापतीचं, नाव सांगायची गरज नव्हती. शिवाय क्लिओपात्राला जाऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. रोमन पुरुषाला अडकवून ठेवणारी आफ्रिकेतली राणी त्यांच्या चांगलीच ओळखीची होती.

डायडो आणि ईनिअस ही जोडी कवीने रचलेली आहे हे जुन्यांना ठाऊक होतं. कार्थेजच्याच टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने पहिलीच डायडो खरी मानली, तिच्या पातिव्रत्याचे गोडवे गायले. पण लोकांनी उचलली ती व्हर्जिलची. संत ऑगस्टिन लहानपणी तिच्यासाठी रडला होता. मोठेपणी त्याला त्याचीच लाज वाटली.

गंमत म्हणजे ‘ईनिड’च्याच सहाव्या सर्गात ईनिअस पाताळात जातो, तिथे त्याला डायडो भेटते. तो रडतो, सफाई देतो. ती जमिनीवरची नजर हलवत नाही, एक शब्द बोलत नाही आणि वळून आपल्या पहिल्या नवऱ्याकडे, सिकेअसकडे, निघून जाते.