फोल्डर निवडायचा डायलॉग: हा गुंता आला कुठून

नागपूरच्या इतवारीत धान्याच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे आमचं बिलिंगचं जुनं व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टची व्हिज्युअल बेसिक ही जुनी प्रोग्रामिंग भाषा) मधलं सॉफ्टवेअर चालतं, दिवाळीआधी तिथून फोन आला, "भाऊ, बॅकअप झाला म्हणून सांगते पण फोल्डरमंदी काहीच दिसून नाही राहिलं." जाऊन पाहिलं तर दुकानातल्या पोरानं डी ड्राइव्हवर 'पावत्या' असं मराठीत फोल्डर बनवलेलं, डायलॉगमध्ये नाव बरोबर दिसत होतं, पण ओके दाबलं की आमच्या टेक्स्टबॉक्समध्ये सात प्रश्नचिन्हं. सातच का, तर प, काना, व, त, हलन्त, य, काना, एकेका कोडपॉइंटला, म्हणजे युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या अक्षरसंचातल्या एकेका चिन्हाला, एक. पुढे फाइल लिहिताना एरर येत होता आणि कोडात ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट, म्हणजे एरर आला तरी गुपचूप पुढं जा, अशी ओळ असल्यामुळे तो कोणाला दिसलाच नाही.

असा बग आला की पोरं आधी आपलाच कोड उलटापालटा करतात, पण माझं म्हणणं एवढंच की आपल्यासमोर कोणत्या काळातला डायलॉग उघडून राहिला ते आधी ओळखा, कारण फोल्डर निवडणं ही गोष्ट विंडोजमध्ये मागाहून, तुकड्या तुकड्यानं आली आहे.

१९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये फाइल उघडायचे आणि सेव्ह करायचे तयार डायलॉग आले, फोल्डरचा मात्र नाही. व्हीबीचा कॉमन डायलॉग कंट्रोल यांच्यावरच बसवलेला, म्हणून त्यातही फोल्डर निवडता येत नाही, मग लोक ड्राइव्हची यादी आणि डिरेक्टरीची यादी असे दोन कंट्रोल फॉर्मवर ठेवून काम भागवायचे.

विंडोज ९५ सोबत एसएचब्राउजफॉरफोल्डर हे फोल्डरांचं झाड दाखवून त्यातून निवडू देणारं फंक्शन आलं, आणि खरा गुंता इथं सुरू झाला. त्या झाडात डेस्कटॉप दिसतो, कंट्रोल पॅनल दिसतं, प्रिंटर दिसतात, म्हणजे डिस्कवर नसलेल्या जागाही दिसतात, त्यामुळे हे फंक्शन पाथ देतच नाही, पीआयडीएल नावाची शेलची (डेस्कटॉप, फोल्डर दाखवणाऱ्या विंडोजच्या भागाची) आतली ओळख देतं, तिचा पाथ दुसऱ्या फंक्शननं काढायचा आणि ती मेमरी आपण स्वतः मोकळी करायची. निवडलेली जागा डिस्कवरची नसली की पाथ रिकामा येतो. कॅन्सल दाबलं तरी हातात काहीच येत नाही, आणि ते न तपासता पुढं स्लॅश आणि फाइलचं नाव जोडलं की फाइल थेट ड्राइव्हच्या मुळाशी जाऊन पडते. स्लॅशचंही तसंच, अख्खा डी ड्राइव्ह निवडला तर शेवटी स्लॅश येतो, आतलं फोल्डर निवडलं तर येत नाही.

आधीपासून एखादं फोल्डर निवडून दाखवायचं तर कॉलबॅक, म्हणजे विंडोजनं उलट बोलवायचं आपलं फंक्शन, लागतो, आणि व्हीबीत त्या फंक्शनचा पत्ता देणारं अ‍ॅड्रेसऑफ १९९७ च्या व्हीबी ५ मध्ये आलं, तेही फंक्शन साध्या मॉड्यूलमध्ये असेल तरच चालतं. विंडोज २००० च्या सुमारास 'न्यू फोल्डर' बटणवाली, लहानमोठी करता येणारी खिडकी मिळाली, पण तिला कॉम (प्रोग्रामचे भाग एकमेकांशी जोडणारी विंडोजची यंत्रणा) सिंगल थ्रेड, म्हणजे एसटीए, पद्धतीनं सुरू केलेलं लागतं, मल्टिथ्रेडेड असेल तर ती उघडतच नाही.

हाच नियम डॉट नेटमध्ये, म्हणजे व्हीबी ६ नंतरच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग व्यवस्थेत, वारशानं आला. २००२ च्या पहिल्या डॉट नेटमध्ये फोल्डरचा डायलॉगच नव्हता, २००३ च्या १.१ मध्ये फोल्डरब्राउजरडायलॉग आला आणि तो आतून तेच ९५ चं फंक्शन बोलावतो. म्हणून मेन फॉर्मवरून तो बरोबर उघडतो आणि तोच कोड बॅकग्राउंड थ्रेडमध्ये टाकला की एसटीएचा एक्सेप्शन फेकतो. नवीन पोरं इथंच दोन दोन दिवस घालवतात, मला फार वाईट वाटतं.

व्हिस्टात आयफाइलडायलॉग आलं, फाइलच्याच खिडकीला 'फोल्डर निवड' असा ऑप्शन द्यायचा, वर अ‍ॅड्रेस बार, पाथ सरळ पेस्ट करा. पण डॉट नेट फ्रेमवर्कनं जुनं झाड सोडलं नाही, ते बदललं २०१९ च्या डॉट नेट कोर ३.० मध्ये, आणि डब्ल्यूपीएफ या डॉट नेटमधल्या खिडक्या बनवायच्या दुसऱ्या पद्धतीला स्वतःचा फोल्डर डायलॉग मिळायला २०२३ चं डॉट नेट ८ उजाडलं.

आता प्रश्नचिन्हांचं. व्हीबी ६ हे १९९८ चं, त्याला विंडोज ९५ आणि ९८ वर चालायचं होतं, म्हणून आतली स्ट्रिंग युनिकोड असूनही डिक्लेअर केलेल्या (बाहेरून, विंडोजकडून घेतलेल्या) फंक्शनकडे ती एएनएसआय, म्हणजे मोजक्या अक्षरांचा जुना संच, करूनच जाते-येते. आपली देवनागरी विंडोजमध्ये आली २००० साली, तीही फक्त युनिकोडमध्ये, तिला एएनएसआय कोडपेज (अक्षरांचा तक्ता) नाहीच. झाड शेल स्वतः काढतं म्हणून तिथं मराठी नीट दिसते, आणि पाथ आपल्याकडे येताना अक्षरं गळून पडतात.

इतवारीत मी डब्ल्यूवालं, म्हणजे युनिकोड बोलणारं, फंक्शन लावलं, स्ट्रिंगऐवजी स्ट्रपीटीआरनं तिचा मेमरीतला पत्ता पाठवला, व्हीबीच्या स्वतःच्या ओपनलाही देवनागरी पाथ झेपत नाही म्हणून कॉपी फाइलसिस्टिमऑब्जेक्ट या विंडोजच्या तयार घटकानं केली, रिझ्यूम नेक्स्ट काढून टाकलं. 'पावत्या'त बॅकअप पडला, शेटजींसमोर उघडून दाखवला. टेक्स्टबॉक्समध्ये अजून सात प्रश्नचिन्हंच आहेत, तो कंट्रोलही एएनएसआयच आहे, बदलायचा बाकी आहे.